घर शिनोळीत, काम उद्यमबागेत आणि तीन महिन्यांचा पगार बुडाला: दावा कुठं आणि कसा लावायचा

तुझा प्रश्न असा आहे की तू शिनोळीचा, म्हणजे चंदगड तालुक्यातला, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, पण दोन वर्षं बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपला कॉन्ट्रॅक्टरमार्फत सीएनसी ऑपरेटर होतास, जानेवारी ते मार्चचा पगार मिळाला नाही म्हणून एप्रिलला काम सोडलंस, आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय कंपनीचं बिल आलं नाही, आलं की देतो की, आणि कंपनीवाला म्हणतोय आम्ही तुला ओळखतच नाही. आणि कन्नड येत नाही म्हणून कोल्हापुरात केस टाकली तर चालेल काय. मी बेळगावात कामगारांच्याच केसेस बघतो, हा प्रश्न नावं बदलून सारखा येत असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोल्हापूरचं. नाही चालणार. पगाराचा दावा तू राहतोस कुठं यावर नाही, काम कुठं केलंस यावर ठरतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा, शहापूर-वडगावातले माग, गणपत गल्लीतलं दुकान, यातलं कुठलंही असू दे, काम इथं केलं म्हणजे कर्नाटकाचं कामगार खातं आणि बेळगावचं ऑफिस. उलटं पण तसंच. बेळगाव तालुक्यातली कितीतरी पोरं रोज शिनोळीच्या एमआयडीसीत जातात, निपाणीची कागलला जातात, त्यांचा पगार अडकला की ती बेळगावात किंवा चिक्कोडीत हेलपाटे घालतात आणि दोन महिन्यांनी कळतं की हे कोल्हापूरच्या ऑफिसचं काम. खानापूरची पोरं गोव्यात हॉटेलात असतात, त्यांचा दावा गोव्यात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल, तुझ्या पगाराला त्यासाठी थांबायची गरज नाही. फक्त एक अपवाद लक्षात ठेव, रेल्वे, बँक, टेलिफोन, सांबऱ्याचं विमानतळ असल्या ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरकडं काम करत असशील तर ते राज्याच्या खात्याकडं येत नाही, केंद्राच्या कामगार खात्याकडं जातं. तुझं मशीन शॉप प्रायव्हेट आहे त्यामुळं तो प्रश्न नाही.

आता भाषेचं, कारण अर्धी माणसं इथंच गार पडतात. घटनेचं कलम ३५० सांगतं की आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. म्हणजे मराठीतला अर्ज भाषेच्या कारणावरून कुणी परत करू शकत नाही. पण माझं स्पष्ट मत सांगतो, कलम ३५० खिशात असू दे आणि अर्ज कन्नडात दे. कोर्टाच्या आवारात टायपिस्ट बसलेले असतात, मराठीत सांगितलेलं कन्नडात टाईप करून देतात, फार पैसे जात नाहीत, सोबत तुझी मराठी प्रत जोड म्हणजे तू नक्की काय म्हणाला होतास त्याचा पुरावा राहतो. तुला पगार पाहिजे, भाषेचा लढा तिथं काउंटरवर लढायला नको, तो लढायच्या जागा वेगळ्या आहेत. ऑफिसातली माणसं मराठी-हिंदी बोलतात, तोंडी काही अडत नाही. अडतं ते सहीला. जबाब, तडजोड, रोजनामा म्हणजे सुनावणीची नोंद, जे काय कन्नडात लिहिलं जाईल ते समोर कुणाकडून तरी मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. 'पैसे मिळाले, तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर सही करून आनंदात घरी आलेली माणसं मी बघितलेत.

कायदा कुठला ते थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, जुना १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा त्यात गेले. तुझे तीन महिने त्यानंतरचे आहेत म्हणजे सरळ संहितेखाली येतात. तिच्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन वर्किंग दिवसांत सगळा हिशेब. 'सोडून गेला त्याला पुढच्या महिन्यात बघू' हे मालकांचं आपलं आपण ठरवलेलं, कायद्यात तसं काही नाही. दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे. पूर्वी महिन्याला २४,००० च्या वर पगार असला की वेतन प्रदान कायदा लागू होत नसे, आता ती अट नाही, सुपरवायझर मॅनेजरसुद्धा यात येतात. तुला 'ट्रेनी' म्हणत होते असं लिहिलंयस, घाबरू नकोस, ॲप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार असलेला ॲप्रेंटिस वेगळा, नुसतं ट्रेनी म्हटलं म्हणून कामगाराचा ॲप्रेंटिस होत नाही.

तीन वर्षं आहेत म्हणून बसून राहू नकोस मात्र. कॉन्ट्रॅक्टर नाव बदलतो, जीएसटी नंबर बदलतो, शेडचं भाडं थकवून दुसरीकडं जातो, मग तुझा दावा कायद्यात जिवंत आणि वसूल करायला समोर कोण नाही.

आता मुख्य गोष्ट. अशा केसेस कायद्यावर कमी आणि एका साध्या प्रश्नावर जास्त अडतात, तू तिथं काम करत होतास हे कशावरून. संहितेच्या कलम ५९ प्रमाणं पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, तू 'मिळाला नाही' म्हटलंस की त्यानं दिल्याचा कागद दाखवायचा. म्हणून तर तो 'दिला' असं म्हणतच नाही, 'ओळखत नाही' म्हणतो. तेवढी एक भिंत तू पाडलीस की पुढचं ओझं त्याच्यावर जातं. त्यामुळं भांडायला जायच्या आधी, आणि हे खरंच आधी, कागद गोळा कर.

पीएफ कापत होते काय? यूएएनचं, म्हणजे तुझ्या पीएफ नंबरचं, पासबुक काढ, त्यात आस्थापनेचं नाव येतं, हा सगळ्यात जड पुरावा. ईएसआयचं कार्ड असेल तर ते. बँक स्टेटमेंट, आधीच्या महिन्यांचा पगार कुणाच्या खात्यातून आला ते दिसतं, फोन पे किंवा गुगल पे वर आला असेल तर तो पण. गेटपास, कंपनीचं आयकार्ड, दिवाळीच्या बोनसची पावती, जॉबकार्डवर तुझी सही असलेला फोटो, मशीनवर उभा राहून काढलेला स्टेटसचा फोटो, काहीही फालतू समजू नकोस. व्हॉट्सॲपवर शिफ्टचा ग्रुप असतोच, सुपरवायझर रोज टाकतो उद्या ए शिफ्टला कोण बी शिफ्टला कोण, तो ग्रुप आजच्या आज एक्स्पोर्ट करून ईमेलवर टाकून ठेव, कारण तू तक्रार केली की पहिलं काम म्हणजे तुला ग्रुपमधून काढणार आणि मेसेज डिलीट करणार. मोबाईल विकू नकोस, फॉरमॅट मारू नकोस, पुढं या प्रिंटबरोबर सर्टिफिकेट लावावं लागतं आणि मूळ फोन मागितला जाऊ शकतो.

आणि एक काम अजून, जे मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा करायला लावतो. कॉन्ट्रॅक्टरला शांतपणे एक मेसेज टाक, शिवी नाही, धमकी नाही, 'साहेब, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च तीन महिन्यांचा माझा पगार ४६,८०० बाकी आहे, घरात अडचण आहे, कधी देताय?' बहुतेक वेळा उत्तर येतं 'बिल आलं की देतो' किंवा 'पुढच्या आठवड्यात बघू'. झालं. पगार बाकी आहे हे त्यानं लिहून दिलं. तेच तू आधी वकिलाची नोटीस पाठवलीस तर तो सावध होतो आणि वकिलाला विचारून 'हा कोण माणूस' असं उत्तर देतो. मेसेज आधी, नोटीस नंतर, हा क्रम चुकवू नकोस. नोटीस मग स्पीड पोस्टानं पाठव, पोच जपून ठेव.

समोरची पार्टी कोण करायची? दोघं. कॉन्ट्रॅक्टर एक नंबर, कंपनी दोन नंबर. तुझा कंपनीशी करार नाही म्हणून कंपनी सुटते हा गैरसमज आहे. संहितेचं कलम ४३ असं आहे की ज्यानं कामावर ठेवलं त्यानं पगार द्यायचा, आणि त्यानं नाही दिला तर ज्या आस्थापनेत काम केलंस तिच्या मालकानं द्यायचा. कंपनीनं कॉन्ट्रॅक्टरचं बिल दिलं की नाही हा त्या दोघांचा आपसातला मामला, त्यात तुझा पगार अडकवायचं काही कारण नाही. प्रत्यक्षात काय होतं तर कंपनीला नोटीस गेली की कंपनीचा एचआर कॉन्ट्रॅक्टरला फोन करून झापतो आणि निम्म्या केसेस तिथंच मिटतात, कारण कॉन्ट्रॅक्टरला पुढचं काम तिथूनच पाहिजे असतं. एकट्या कॉन्ट्रॅक्टरवर दावा लावणारा माणूस हा दाब हातचा घालवतो. तुझ्याबरोबरची बाकीची पोरं पण अडकली असतील तर एकाच आस्थापनेतल्या सगळ्यांचा मिळून एक अर्ज करता येतो, कलम ४५. एकमेकांना साक्षीदार पण होता. पण सगळ्यांना घेऊनच जायचं म्हणून सहा महिने थांबू नकोस, चार जण पुढं आले तर चौघांचा टाक.

आता तक्रार आणि दावा यातला फरक, यात माणसं फसतात. लेबर इन्स्पेक्टरकडं जाऊन तक्रार दिली, त्यानं मालकाला फोन लावला, मालक म्हणाला देतो, फाइल बंद. किंवा समजा कारवाई झाली तरी दंड सरकारजमा होतो, तुझ्या खात्यात काही येत नाही. तक्रार जरूर दे, कधी कधी एका फोनवर काम होतं, पण ती म्हणजे दावा नव्हे आणि तक्रार दिली म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. दावा म्हणजे कलम ४५ खालचा अर्ज, जो नेमलेला राजपत्रित अधिकारी ऐकतो, दोन्ही बाजूंना बोलावतो आणि हुकूम देतो. बेळगावला कामगार खात्याच्या ऑफिसात आवकच्या टेबलावर विचार, दावे ऐकायचे अधिकार कुठल्या साहेबांकडं आहेत, त्यांच्या पदनावानं अर्ज कर. आवक नंबर आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. 'ठेवून जा, बघतो' याला काही अर्थ नाही.

किती मागायचे, इथं तू स्वतःचं नुकसान करून घेतोयस. तू नुसते ४६,८०० म्हणतोयस. तूच लिहिलंयस की सकाळी ८ ते रात्री ८ ड्यूटी होती, जेवणाची आणि चहाची सुटी धरून एक तास वजा कर, म्हणजे रोज अकरा तास काम, त्यातले तीन तास ओव्हरटाइम. महिना १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ६००, तासाला ७५. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो म्हणजे तासाला १५०, तीन तासांचे ४५०, महिन्याचे २६ दिवस धरले तर ११,७००. तीन महिन्यांचे ३५,१००. पगार मिळवून ८१,९००. शिवाय त्याआधीच्या महिन्यांत ओटी सिंगल रेटनं मिळाली म्हणतोस, तिथं दिवसाला २२५ चा फरक राहिला, तो पण मागायचा. तसंच तुझ्या कामाच्या प्रकाराला आणि झोनला कर्नाटक सरकारनं ठरवलेलं किमान वेतन किती ते बघ, दरवर्षी १ एप्रिलला त्यात महागाई भत्ता बदलतो, १५,६०० त्यापेक्षा कमी भरत असतील तर तो फरक वेगळा, आणि मग वरचा ओटीचा दर पण वाढतो. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या फरकावर मात्र मालकाचा वकील जुन्या कायद्यातली मुदत काढणार, तिथं पगारासाठी १२ महिने आणि किमान वेतन-ओटीसाठी ६ महिने होती, म्हणून तो हिशेब वेगळ्या तक्त्यात दाखव आणि उशिराचं कारण लिहून माफीचा अर्ज जोड. एकत्र कालवलंस तर जुन्याबरोबर नवं पण वादात ओढलं जातं.

यावर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देता येते असं कायद्यात आहे. माग, अर्जात लिही, पण त्याच्यावर घराचा स्लॅब टाकायचं ठरवू नकोस, ते 'पर्यंत' आहे, किती द्यायची ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. त्याचा खरा उपयोग तडजोडीच्या वेळी होतो, समोरच्याला कळतं की लांबवलं तर आकडा वाढू शकतो.

सुनावणीत काय काय निघेल ते आधीच सांगतो. ॲडव्हान्स घेतला होता असं म्हणतील, दे म्हणायचं कागद. जॉब, म्हणजे मशीनवर केलेले पार्ट, रिजेक्ट गेले म्हणून कापले असं म्हणतील, उद्यमबागेत आणि फाउंड्रीत हे फार चालतं. नुकसानीपोटी कापायचं असेल तर ते तुझ्याच हलगर्जीपणानं झालं पाहिजे आणि कापायच्या आधी तुला तुझं म्हणणं मांडायची संधी दिलेली पाहिजे, आणि सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता येत नाही. ड्रॉइंग चुकीचं, मशीनच्या टूलचा इन्सर्ट झिजलेला, आणि कपात ऑपरेटरची, असं चालत नाही. कोऱ्या व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घेतली असेल तर ते लपवू नकोस, अर्जातच लिही की कामावर घेताना कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्यात. तू आधी सांगितलंस तर तो तुझा मुद्दा, त्यानं काढून दाखवल्यावर सांगितलंस तर ती सारवासारव वाटते. 'फुल अँड फायनल, काही येणं नाही' असं लिहून घेतलं असेल तरी कायद्यानं मिळणारी रक्कम तशी सोडून देता येत नाही, तो करार त्यापुरता रद्द. तू तुझ्या अर्जात मागणी कर की हजेरी रजिस्टर, पगार रजिस्टर, गेट रजिस्टर हजर करा. वेज स्लिप देणं मालकाचं काम आहे, दिली नाही हे पण लिही. रजिस्टर आणलं नाही की अधिकाऱ्याला काय समजायचं ते समजतं.

वकील लागतोच असं नाही. पाहिजे असेल तर आधी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टातच असतं, १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला, सगळ्या बायकांना आणि एससी-एसटी लोकांना फुकट वकील मिळतो, बायकांना तर उत्पन्नाची अट पण नाही. १५१०० ला फोन केला तरी माहिती मिळते. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, त्यांचं घरखात्याचं, म्हणजे घरी बसून वळायचं काम असतं, गेटपास नाही, हजेरी नाही, पानं-तंबाखू दिल्याची आणि विड्या जमा केल्याची नोंद असलेलं पुस्तक हाच सगळा पुरावा, ते कारखानदाराकडं ठेवायला द्यायचं नाही, दिलंच तर प्रत्येक पानाचा फोटो काढून.

पोलिसात जाऊ काय असं पण विचारलंयस. पगार दिला नाही एवढ्यावर पोलीस 'हे लेबरचं मॅटर' म्हणून परत पाठवतात, मारहाण, धमकी असेल तर गोष्ट वेगळी. पण कॉन्ट्रॅक्टरनं चेक दिला आणि तो बाउन्स झाला तर ते सोन्यासारखं समज. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, नंतर एक महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८. या तारखा चुकल्या तर अवघड, म्हणून 'परत टाक, या वेळी पास होईल' असं तो म्हणाला तरी मेमोच्या तारखेवर डोळा ठेव.

तडजोडीचं माझं मत, बऱ्याच वकिलांना पटणार नाही. पूर्ण पगार आणि ओटीचा बराचसा भाग अधिकाऱ्यासमोर डीडीनं किंवा खात्यात त्याच दिवशी मिळत असेल तर घे आणि मोकळा हो. हप्त्यानं देतो म्हटलं तर तडजोड अधिकाऱ्यासमोर लेखी, तारखांसकट, आणि एक हप्ता चुकला तर पूर्ण दावा परत उभा राहील हे वाक्य त्यात पाहिजेच. बाहेर चहाच्या टपरीवर रोख घेऊन आत येऊन 'मिटलं' असं सांगायचं नाही.

आणि हुकूम तुझ्या बाजूनं लागला म्हणजे पैसे आले असं नाही. त्यानं नाही भरले तर अधिकारी वसुली प्रमाणपत्र देतो, ते डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला जातं, तिथून तहसीलदाराकडं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. तिथं कागद पडून राहायचं मोठं कारण म्हणजे मालमत्ता कुठली जप्त करायची हेच कुणाला माहीत नसतं. म्हणून दावा चालू असतानाच माहिती काढून ठेव, कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं शेत असेल तर उतारा, शहरात घर-प्लॉट असेल तर सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, गाडीचा नंबर, तुला पगार यायचा ते बँक खातं, आणि कंपनीकडून त्याचं किती बिल यायचंय ते. कंपनी दोन नंबरची पार्टी असेल तर तिचं शेड, तिची मशीनं समोरच आहेत, वसुलीचा अर्ज तिच्यावर पण चालव. हे सगळं एका कागदावर लिहून प्रमाणपत्राबरोबरच तहसीलदार ऑफिसात दे आणि त्याचा पण आवक नंबर घे.